खुशालरावांना आलेली हाक

पार्बताबाई वांगी निवडत बसल्या होत्या, तेव्हा खुशालरावांनी त्यांना देवाचा निरोप सांगितला.

"मले आज पहाटे प्रार्थनेत स्पष्ट ऐकू आलं," पायातल्या जोड्याचा चिखल पायरीवर झाडत ते दारातूनच म्हणाले. "मळा सोड, म्हने. अमरावती सोड. मेळघाटात जाय अन् कोरकू लोकाईले येशूची सुवार्ता सांग."

पार्बताबाईंनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं.

"कधी जायचं म्हनते देव? परवा हंगामाचा सण हाये. अक्काबाई अन् देवीदासभाऊजी आज दुपारच्या गाडीनं येऊन राहिले. रोडग्याचं पीठ दळून आनलं हाये."

खुशालराव जरा गडबडले. बायको रडेल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. रडली तर समजूत कशी घालायची, तेही मळ्यातून घरी येताना ठरवलं होतं. पिठाला काय उत्तर द्यायचं, ते मात्र ठरवायचं राहिलं होतं.

"सणानंतर," ते म्हणाले.

"मंग ठीक हाये."

नवरा हातपाय धुवायला मागे गेला तेव्हा पार्बताबाईंनी विळी आडवी केली. या माणसाला राग आला की तो ओरडत नाही, भांडत नाही. तो उठून जातो. वाटणीच्या वेळी धाकट्या भावाशी, देवीदासशी, वाजलं, तेव्हा पावसाळाभर हा मळ्यातल्या खोपडीत झोपला होता. आणि गेल्या महिन्यात ख्रिस्ती मंडळीची निवडणूक झाली होती. पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या आणि मंडळीचे नवे वडील, म्हणजे देवळाचे पंच, म्हणून जानराव मास्तरांचं नाव वाचलं. जानराव म्हणजे पार्बताबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. खुशालरावांचं नावही चिठ्ठ्यांत होतं, पण थोडक्यात मागे राहिलं. देवळाचं कुंपण लावलं खुशालरावांनी, छपराची कवेलू चाळली खुशालरावांनी, वर्षानुवर्षं घंटा वाजवली खुशालरावांनी. त्या दिवशी घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते, "चांगलं झालं."

त्या 'चांगलं झालं'ला पार्बताबाई महिनाभर भीत होत्या. आता ते मेळघाटापर्यंत पोचलं होतं.

*

अमरावतीच्या स्टेशनवर आत्याला आणि काकाला घ्यायला खुशालरावांची मुलगी वच्छला गेली होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि वर्गात बातमी सांगावी तशी तिने टांग्यात बसल्याबसल्या बातमी सांगून टाकली.

"आत्याबाई, बाबांशी देव बोलला."

मनकर्णाबाई खुशालरावांच्या थोरल्या बहीण, अकोल्याच्या. तरुणपणी विधवा झाल्या, आणि तेव्हापासून मिशनच्या सुवार्तिक बाई म्हणून घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायच्या. देव बोलल्याच्या बातम्या त्यांना नवीन नव्हत्या. त्यांनी लुगड्याचा पदर सावरला.

"कोन्या भाषेत बोलला वं?"

"वऱ्हाडीत. 'मेळघाटात जाय' म्हणाला."

"बरं झालं. आमच्या मडमसाहेबाशी इंग्रजीत बोलते म्हने. खुशालले समजलं नसतं."

वच्छलाला हसू आलं, आणि लगेच बापाची बाजू घ्यावीशी वाटली. "हसू नका हो आत्याबाई. बाबा खरंच सांगतात. मागच्या उन्हाळ्यात मिशनच्या डॉक्टरांबरोबर ते मेळघाटात गेले होते ना, सामान घेऊन? तेव्हापासून त्यांच्या मनात असेल."

"मी कुठी हसलो? मी विचारलं फक्त."

समोर बसलेला देवीदास अजून काही बोलला नव्हता. तो अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. हंगाम सुरू झाला की सहा महिने त्याच्या नाकातोंडात कापसाची धूळ, आणि रात्री खोकला. वच्छलाचे शब्द कानावर पडले तसा त्याच्या छातीत एकदम उजेड पडला. असा उजेड पूर्वी कधी पडला नव्हता, तेव्हा तो पवित्र आत्म्याचाच असणार, असं त्याला वाटलं. त्या उजेडात त्याला विहिरीकाठची संत्र्याची झाडं दिसत होती, एवढंच.

"हाक आली म्हनजे मानाले पायजे," तो गंभीरपणे म्हणाला. "आपन आडवं येऊ नाई."

मनकर्णाबाईंनी भावाकडे पाहिलं आणि टांग्याबाहेर बघू लागल्या.

*

शनिवारी दुपारी सगळे मळ्यात जमले. वलगावच्या रस्त्याला लागून असलेला हा मळा खुशालरावांचे वडील भगवंतजी यांनी राखलेला. मोठ्या दुष्काळानंतर भगवंतजी लेकराबाळांसकट ख्रिस्ती झाले, पण भाजी, फुलं आणि संत्री हा माळ्याचा धंदा त्यांनी सोडला नाही. पलीकडच्या धुऱ्याला, शेताच्या बांधावर, चुलतघरचे लोक अजून देवीच्या नावानं झेंडू लावत, हे इकडे येशूच्या नावानं कोथिंबीर लावत, आणि बी दोन्हीकडून इकडेतिकडे जात असे.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजले होते. डाळ, वांग्याची भाजी आणि तुपाची वाटी मध्ये. खुशालरावांनी आभाराची प्रार्थना केली ती नेहमीपेक्षा लांब झाली. मेळघाटातले सगळे डोंगर तीत येऊन गेले. पार्बताबाईंनी डोळे मिटल्यामिटल्याच रोडग्यावर झाकण घातलं.

"दादा," आमेन झाल्याबरोबर देवीदास म्हणाला, "मले तर रात्रभर झोप नाई. मी पन प्रार्थना केली. माझ्या मनाले लय शांती वाटली. तू जाय. इथली कायजी करू नको."

"इथली कायजी कोन करन मंग?" पार्बताबाईंनी विचारलं.

"आता... आपल्यातलंच कोनीतरी. घरचं मानूस."

"भाऊजी, तुमालेही आवाज आला का?"

देवीदासनं रोडगा फोडायला घेतला. रोडगा गरम होता. "आवाज असा नाई. पन ओढ वाटते, वहिनी. मातीची ओढ."

"चांगलं हाये. मले तर बाई काळजीच होती, का मळा परक्याच्या हाती जाईन." पार्बताबाईंनी त्याच्या रोडग्यावर तूप ओतलं, हात आखडता न घेता. "पन पहाटे तांबडं फुटाच्या आंधी मोट धराले लागते. तो लाल्या बैल तुमाले माहीत हाये ना? आमच्या यायले शिंग मारलं होतं पोळ्याले. भाजी तोडून उजाडाच्या आंत बाजारात नेऊन बसाले लागते. थंडीत, पावसात. अन् खोकला असला तरी."

देवीदासनं लाल्याकडे पाहिलं. लाल्या बाभळीखाली उभा होता आणि तोही यांच्याकडेच पाहत होता.

"गडी ठेवता येईन," देवीदास म्हणाला.

"गडी पळून जाते. लाल्यापायीच."

देवीदासच्या छातीतला उजेड हळूहळू वात खाली केल्यासारखा झाला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "दादा, घाई नको करू. देवाचं कामही बरोबर वेळेवर झालं पायजे."

वच्छला पदरात तोंड घालून हसली. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. पण खुशालरावांच्या लक्षात आलं की कालपर्यंत आपल्या बाजूला असलेली दोन माणसं आता आपल्या बाजूला राहिलेली नाहीत. त्यांनी आपला भक्कम पुरावा काढला.

"तुमाले खरं वाटत नाई ना? मी निशानी मागतली होती देवाले. डोळे मिटून शास्त्र उघडलं. बोट ठेवलं. पाहतो तर बोटाखाली शब्द कोनता? 'जा'!"

वच्छलालासुद्धा अंगावर काटा आल्यासारखं झालं.

"दे पाहू इकडं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी झोळीतून शास्त्र काढून दिलं. मनकर्णाबाईंनी हात पदराला पुसले, डोळे मिटले, पानं उघडली आणि बोट टेकवलं. मग चष्मा चढवून त्या वाचू लागल्या. जुन्या काळच्या उपासनेच्या तंबूचे पडदे कसे करायचे, एकेक पडदा किती हात लांब, किती हात रुंद, याचा तो मजकूर होता.

"पार्बते," त्या चष्म्यावरून म्हणाल्या, "घरात कापड किती हाये? देवानं पडदे शिवाले सांगतले."

पहिल्यांदा हसला तो देवीदास, कारण त्याला हसायची सगळ्यांत जास्त गरज होती. मग वच्छला. पार्बताबाईंनी ओठ दाबून धरले, पण त्यांचे खांदे हलत होते. खुशालराव ताटावरून उठले आणि हात धुवायला विहिरीकडे गेले. ते बराच वेळ हात धूत राहिले.

*

मनकर्णाबाई त्यांच्या मागे गेल्या आणि विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या काठावर, बसल्या. लहानपणी याच थारोळ्यावर बसून त्यांनी खुशालला आंघोळी घातल्या होत्या.

"रुसला का?"

"तुमी समदे मिळून माझी थट्टा करून राहिले, अक्का. देवाच्या गोष्टीची थट्टा बरी नाई."

"देवाची नाई केली. तुह्या बोटाची केली." त्यांनी पाण्यात पाय सोडले. "एक सांग. पहिल्यांदा कधी ऐकू आलं हे तुले?"

"आज म्हना, काल म्हना... महिना झाला असन."

"निवडनूक झाली तेव्हा?"

खुशालरावांनी तांब्यातलं पाणी पुन्हा हातावर ओतलं.

"आंधी का नंतर?"

"त्याच दिवशी."

"सकाळी?"

"संध्याकाळी."

"म्हनजे चिठ्ठ्या मोजून होईपर्यंत देव थांबला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी हातातला तांब्या खाली आपटला. "माझ्याहून लहान हाये तो, अक्का! माझ्या लग्नात चड्डी घालून फिरत होता. अन् आता माझा वडील! त्या देवळाचं एक कवेलू त्यानं बदललं असन तर दाखव. एक आळं केलं असन तर दाखव! नुसतं गोड बोलाचं, अन् इंग्रजीत सही कराची. मी त्या देवळात पाय ठेवनार नाई. इथं राह्यलो तर दर रविवारी त्याचं तोंड पाहाले लागन!"

झाडावरचे पोपट उडाले. मळ्याच्या त्या टोकाला बसलेल्यांनीही हे ऐकलं. पार्बताबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. महिनाभर जे त्या घरात कुठे तरी दडलेलं होतं, ते बाहेर आलं होतं. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखंच वाटलं.

मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

"हा आवाज ऐकला मी," त्या सावकाश म्हणाल्या. "हा चांगला मोठा हाये. हा कोनाचा, ते तुले ठाऊक हाये अन् मलेही. आता दुसरा ऐकव."

"दुसरा याच्याखाली दबला असन तर?"

"असन. मी नाई कुठी म्हनलो? पन हा वर बसला हाये तोवर खाली काय हाये, ते तुलेही नाई दिसत अन् मलेही नाई. आंधी हा उचल."

"कसा?"

"जानरावकडं जाय. उद्या भाजीची टोपली देवापुढं ठेवनार ना? त्याच्या आंधी जाय. अन् हे पाह्य, मी तुले क्षमा करतो, असं म्हनाले जाऊ नको. ते तुले लय आवडन. क्षमा मागाले जाय."

"मी? मी काय केलं?"

"महिनाभर त्याच्याशी बोलला का?"

खुशालरावांनी तांब्या उचलला, बघितला. त्याला पोचा पडला होता.

*

जानराव मास्तर रविवारी सकाळी ओसरीवर बसून नवा काळा कोट घालायचा की नाही याचा विचार करत होते. हंगामाच्या सणाला मंडळीच्या वडिलांनी कोट घालावा, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. गरम होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात दारात डोक्यावर भाजीची टोपली घेतलेला भाऊजी उभा दिसला.

"बाई बरी हाये ना?" बहिणीच्या काळजीनं त्यांनी एकदम विचारलं.

"बरी हाये. तुह्या बाईले काय होते?" खुशालरावांनी टोपली उतरवली. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता सापडेना. "जानराव, मी महिनाभर तुह्या तोंडाकडं पाह्यलं नाई."

"मले माहीत हाये," जानराव म्हणाले. "मी तुमच्या पाठीकडं पाहत होतो."

खुशालरावांनी टोपलीतला भोपळा उगाच सरळ केला.

"मले राग आला होता. तू काही केलं नाई. चूक माझी हाये."

जानरावांनी कोट खुंटीला टांगला आणि भाऊजीला हात धरून बाजेवर बसवलं. चहा आला. बशीत ओतून दोघांनी फुंकर मारली.

"एक सांगतो भाऊजी, हसू नका," जानराव म्हणाले. "माझं नाव वाचलं तेव्हा मले वाटलं का देवानं निवडलं. रात्री गुडघे टेकले तर मले वाटलं, देव माझ्या पाठीवरून हात फिरवून राहिला. दुसऱ्या दिवशीपासून लोकं यायले लागले. कोनाच्या पोरानं कोनाच्या बाकावर बसाचं. पेटी कोन वाजवन. अन् ती घंटा! तुमी वाजवत होते तोवर कोनाले ठाऊकच नव्हतं का घंटेले मानूस लागते. मागल्या रविवारी उपासना सुरू झाली, पयलं गीत झालं, अन् मंग घंटा वाजली. पाळकसाहेब माझ्याकडं असे पाहाले लागले..." त्यांनी पाळकसाहेबांचे डोळे करून दाखवले. "तेव्हापासून पाठीवरचा हात काही लागला नाई."

खुशालरावांनी चहाची बशी खाली ठेवली, कारण ती सांडायला लागली होती. ते हसत होते. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या छातीतून हसू वर येत होतं, आणि त्याच्याबरोबर काहीतरी जड वस्तू मोकळी होऊन निघून जात होती.

"कोट घालू नको," ते म्हणाले. "घाम येईन. चाल, केळीचे खांब बांधाचे राह्यले असतीन."

त्या दिवशी अमरावतीच्या ख्रिस्ती मोहल्ल्यात घंटा वेळेवर वाजली. वच्छला मुलींना रांगेत उभी करत होती. तिनं आवाज ओळखला आणि वर न पाहताच आईला कोपरानं ढोसलं. पार्बताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे आणि कोथिंबिरीच्या जुड्या देवापुढे मांडल्या गेल्या, आणि त्यांच्या मनात आलं, झालं, सुटलो एकदाचे. मेळघाट आता गेला.

*

खुशालरावांनाही तसंच वाटलं होतं.

सोमवारी अकोल्याच्या पाहुण्यांना पोचवायला ते स्टेशनवर गेले. देवीदास बडनेऱ्याच्या गाडीत जागा धरून बसला होता; वाटेत खायला संत्र्यांची पिशवी त्यानं मांडीवर घट्ट धरली होती. मनकर्णाबाई फलाटावर उभ्या होत्या.

"काहून रे? तोंड असं काहून केलं? समेट झाला ना?"

"झाला. राग गेला, अक्का. शोधला तरी सापडत नाई."

"मंग?"

"मले वाटलं होतं, रागासंग मेळघाटही जाईन. तो गेला नाई."

मनकर्णाबाईंनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"पन आता पयल्यासारखं नाई," खुशालराव म्हणाले. "तेव्हा कसं, छातीत नगारा वाजत होता. आजच निघावं वाटे. आता आवाज नाई, काही नाई. उलटं भेव वाटते. जावंसंच वाटत नाई." मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "म्हनजे हे नक्की देवाचंच असन, नाई का? जे नको वाटते तेच देवाचं."

"आता हे नवीन काढलं का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले कारलं नको वाटते. म्हनून देव मले रोज कारलं खाय म्हनते का? हवं वाटलं म्हनून देवाचं होत नाई, तसं नको वाटलं म्हनूनही होत नाई. देवाले आपल्या आवडीनिवडीशिवाय दुसरं काही सुचत नाई, असं वाटते का तुले?"

"मंग ओळखाचं कसं? तू एवढी शास्त्र वाचनारी, तू सांग."

"मले ओळखता येत असतं, तर मी पाळकसाहेब झालो असतो." इंजिनानं शिटी दिली. त्या डब्याच्या पायरीवर चढल्या आणि वळल्या. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "खुशाल, राग उतरला, अन् तरी एक गोष्ट उरली. ती काय हाये ते नीट पाह्य. तिले मोठं करू नको, लहान करू नको. अन् पार्बतीले सांग. तुले निरोप आला अन् तिले नाई आला, हे देवानं मुद्दाम केलं असन. तेवढ्यासाठी तरी तू तिच्याशी बोलशीन म्हनून."

*

बोलायला खुशालरावांना संत्र्यांचा तोडा यावा लागला.

दिवस कलला होता. मजूर टोपल्या भरून गेले होते. पार्बताबाई झाडाखाली बसून पिचकी फळं वेगळी काढत होत्या आणि खुशालराव जवळच उगाच सुतळी गुंडाळत होते. गेले काही दिवस नवरा काहीतरी सांगायला येतो आणि बैलाबद्दल बोलून परत जातो, हे पार्बताबाई बघत होत्या.

"लाल्यानं आज चारा खाल्ला नाई," खुशालराव म्हणाले.

"खाल्ला. मी टाकला. काय सांगाचं हाये ते सांगा."

खुशालराव खाली बसले.

"मागल्या उन्हाळ्यात डॉक्टरसाहेबासंग गेलो होतो ना. तिथं डोंगरात एक ढाणा लागला. कोरकूईची दहा-बारा घरं. साहेब दवाई देऊन राहिले होते, अन् मी रिकामा. लोकं माझ्याभवती बसले. मी त्यायले येशूनं सांगतलेली ती गोष्ट सांगाले लागलो. बापाचा हिस्सा घेऊन धाकटा पोरगा दूर देशाले जाते, समदं उडवते, अन् मंग डुकरं राखते. ते लोक असे ऐकत होते, का पापनी हलत नव्हती."

"मंग?"

"मंग साहेबाचं काम झालं. गाडी जुंपली. दिवस बुडाच्या आंधी घाट उतराचा होता. साहेब घाई करत होते. मी उठलो."

पार्बताबाईंचा हात थांबला. "गोष्ट?"

"डुकरापर्यंतच झाली होती."

"अर्धी गोष्ट सांगून आले?"

"एक बुढा गाडीच्या मागं चालत आला. लय दूर आला. विचारे, 'तो पोरगा घरी गेला का? बापानं घरात घेतला का?' चाकाचा आवाज होता. मी ओरडून म्हनलो, पुन्हा येऊन सांगतो." खुशालरावांनी सुतळी खाली ठेवली. "देवळाचा राग गेला, वडीलकीचा हट्ट गेला, तर खाली तो बुढा होता. बस. दुसरा आवाजबिवाज काही नाई. तो विचारते, घरी गेला का?"

पार्बताबाईंनी हातातलं पिचकं फळ बाजूला ठेवलं. खुशालरावांना वाटलं, आता त्या हसतील. हसल्या असत्या तरी चाललं असतं.

"सात-आठ महिने झाले," त्या शेवटी म्हणाल्या. "तो पोरगा बिचारा अजून डुकराईतच बसला हाये, अन् तुमी इथं निवडनुकीवर रुसून बसले."

"हो."

"अन् हे मले सांगाचं सोडून, मळा सोडतो, गाव सोडतो, देवानं सांगतलं, म्हनून आरडत आले!"

"ते मोठं वाटत होतं," खुशालराव हळूच म्हणाले. "हे सांगाले लहान वाटलं."

"लहानच हाये." त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं त्यांच्या हातात दिलं. ते गोड होतं की आंबट, हे खुशालरावांच्या ध्यानातही आलं नाही. "एवढा तोडा संपला का जाऊ. परतवाड्यापर्यंत मोटार जाते. तिथून गाडी पाहू. जानरावले सांगू, आठ दिवस मळ्याकडं पाह्य म्हना. लाल्या त्याले मारत नाई."

"जाऊ? तू येशीन?"

"मंग? तुमाले एकट्याले धाडलं तर पुन्हा अर्धीच सांगून येसान."

"अन् मंग? तिथंच राहाचं, का परत याचं? मळ्याचं काय?"

"ते तिथं गेल्यावर पाहू. देवाले काही सांगाचं असन तर सांगन. पन या वेळेस दोघाईले संगंच सांग म्हना." पार्बताबाईंनी टोपली उचलून कमरेला लावली आणि चालू लागल्या. चार पावलांवर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"डुकरापासून बापाच्या घरापर्यंत तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "तो आल्यावर त्याच्या मायनं काय केलं असन, ते तुमच्या गोष्टीत कधीच नसते. ते मी सांगीन."